शेवटच्या मजल्यावरचा उन्हाळा

४ मार्च २०१९, सोमवार

राधा मॅडमनी आज सगळ्यांच्या फील्डच्या वह्या तपासल्या. माझ्या वहीत तीन ठिकाणी 'मला वाटलं' सापडलं. त्यांनी ते खोडलं आणि म्हणाल्या, "राकेश, तुम्हाला काय वाटलं ते प्रबंधात येत नसतं. मोजलंत ते लिहा." मला त्या अहोजाहो करतात, कारण मी त्यांच्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान आहे. बाकी वर्गाला अरे-तुरे. बाकी वर्ग तेवीस वर्षांचा आहे, मी अडतीसचा.

तर वाटलेलं ठेवायला ही दुसरी वही.

पहिलं वाटलेलं: दमलोय. अकरा वर्षं खराडीत अमेरिकेच्या घड्याळावर नोकरी केली. तेव्हा वाटायचं, हा थकवा नोकरीचा आहे, ती सोडली की जाईल. सोडून पावणेदोन वर्षं झाली. (मी सोडली. माझी बायको, अपेक्षा, कुणाला सांगताना 'सुटली' म्हणते. मी दुरुस्त करणं थांबवलंय.) तापत्या हवेशी माणसांनी जुळवून कसं घ्यायचं, या विषयात एम.एस्सी. करतोय, आणि हे शेवटचं सत्र. प्रबंधाचा विषय: पत्र्याच्या घरांतले वृद्ध आणि उन्हाळा. थकवा आहे तिथेच आहे.

घरात आम्ही तिघं. अपेक्षा अजून खराडीतच आहे, तिच्यावर घर चालतं. बाबा जानेवारीत बल्लारपूरहून आले. दिवाळीनंतर आई गेली, तेव्हापासून ते एकटे होते. धायरीत आमचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर, सगळ्यात वरचा. घेताना बिल्डर म्हणाला होता, वर कुणाच्या पावलांचा आवाज नाही. खरं आहे. वर फक्त ऊन आहे.

९ मार्च, शनिवार

सकाळी चहाबरोबर एसीचा विषय. अपेक्षा म्हणाली, "आपल्या खोलीत नको. बाबांच्या खोलीत लावू या. स्लॅब आत्ताच तापायला लागलाय."

मी तिला नीट समजावलं. आपण आपली खोली गार करतो, म्हणजे आतली उष्णता उचलून बाहेर फेकतो. ती कुणाच्या खिडकीत जाते? ज्याला एसी परवडत नाही त्याच्या. वर त्याला लागणारी वीज कोळशाची. प्रत्येकाने असं केलं तर शहर म्हणजे भट्टी. मी दोन वर्षं जे शिकतोय ते घराच्या दाराशी आल्यावर सोडून द्यायचं का? बराच वेळ बोललो. बरं बोललो, असं मलाही जाणवलं.

बाबा हॉलमधून म्हणाले, "कोळसा कायले वाईट रे? तीस वर्षं खाणीत पंप चालवला, त्याच कोळशावर तू इंजिनेर झाला. आता कोळशाच्या विरोधात शिकून राहिला."

आम्ही तिघंही हसलो. मग अपेक्षाने त्यांनाच विचारलं, "बाबा, तुम्हाला हवाय का एसी? खरं सांगा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मले काय कराचा एसी? आम्ही अठ्ठेचाळीस पाह्यले. पुण्याचा उन्हाळा म्हणजे आमची दिवाळी."

विषय संपला. त्या वेळी मला त्यांचा अभिमान वाटला. वर्गात सगळे ज्याला 'सहनक्षमता' म्हणतात, ती समोर गंजीफ्रॉकात बसली होती.

१७ मार्च, रविवार

टेकडीच्या उतारावरच्या वस्तीत यंत्रं लावली. काडेपेटीएवढी आहेत, खोलीत टांगायची, दर तासाला तापमान आपोआप नोंदतात. आनंदीबाई म्हणून एक आजी आहेत, एकट्या राहतात. त्यांनी यंत्र हातात घेऊन उलटंपालटं केलं. "बाळा, ह्याला खायला काय घालायचं?" म्हटलं, काही नाही, सेल आहे आत. "मग बरंय. राहू दे पाहुण्यासारखं."

घरी आलो तेव्हा सहा वाजले असतील. बाबा बाल्कनीत पाठमोरे बसले होते. जेवलात का विचारलं. "हाव," म्हणाले. झाकलेलं ताट तसंच होतं. दुपारी भूक लागत नाही म्हणाले. या वयात कमीच खावं.

२८ मार्च, गुरुवार

बाबांना गावाची आठवण फार येते. आज परत तेच: "आपल्याकडं एव्हाना कूलर बाहेर काढले असतीन. वाळ्याच्या ताट्या बदलून राहिले असतीन सारे." काल ताट्यांच्या वासाबद्दल बोलले, परवा कूलरची मोटार कोण दुरुस्त करायचा त्याच्याबद्दल. आई दर मार्चमध्ये अंगणात कूलर धुवायची, ते मला आठवलं. त्यांना आई आठवत असणार. सरळ कसं सांगतील?

बल्लारपूरला मोठ्या बहिणीला, नंदाताईला फोन केला. म्हटलं, बाबांशी रोज बोलत जा, मन रमत नाहीये त्यांचं. ती म्हणाली, "रोज बोलतो रे मी. तू घरी कूलर आणला का?" मी म्हटलं, इथे कूलर चालत नाही, जागा कुठे आहे. मग ती तिच्या सासूबद्दल बोलत बसली.

५ एप्रिल, शुक्रवार

सोसायटीचे चेअरमन हिंमतराव आज पार्किंगमध्ये भेटले. ही इमारत त्यांच्याच वावरात उभी आहे. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटांपैकी दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि अख्खी इमारत अजून वावरच असल्यासारखी बघतात. म्हणाले, "तुमचे वडील दुपारचं आमच्या मजल्यावर जिन्यात बसत्यात. गंजीफ्रॉकावर. बायका-पोरी येत्यात-जात्यात. जिना काय बसायला केलाय व्हय?"

मान खाली गेली माझी. वर जाऊन बाबांना म्हटलं, जिन्यात कशाला बसता? घर आहे ना आपलं. लोक काय म्हणतात?

बाबा म्हणाले, "दुसऱ्या माळ्यावर खिडकी हाय. वारा येते."

"आपल्याकडे चार खिडक्या आहेत."

ते उठून बाल्कनीत गेले. रात्री अपेक्षाला सांगितलं. तिने लॅपटॉपवरून डोकं वर न काढता विचारलं, "म्हणजे तू त्यांना जिन्यात बसायला मनाई केलीस?" मी म्हटलं, मनाई नाही, सांगितलं. तिने टाइप करणं चालू ठेवलं. हल्ली आमच्या घरात सगळेच वाक्य अर्धं सोडतात.

१० एप्रिल, बुधवार

वस्तीतल्या नोंदी उतरवून घेतल्या. सगळीकडे दुपारी एकेचाळीस-बेचाळीस, आणि आनंदीबाईंच्या खोलीत सव्वीस. मला वाटलं मोठा शोध लागला. धावत गेलो. तर त्यांनी यंत्र खुंटीवरून काढून पाण्याच्या माठावर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. "तिथं लई तापत होतं रे. बिचारं मुकं. सांगणार कुणाला?"

हसावं की रडावं. तीन आठवडे त्या खोलीची नोंद गेली. मॅडम म्हणाल्या, ते घर वगळा. मी यंत्र परत खुंटीला लावलं, हात जोडले आणि म्हटलं, आजी, त्याला तापू द्या.

उतारावरून परत येताना पाय उचलत नव्हते. अपेक्षा म्हणते मी वस्तीत जास्त राहतो, घरी कमी. परीक्षेचं वर्ष आहे.

१४ एप्रिल, रविवार

बाबासाहेबांची जयंती. बाबांनी पांढरा शर्ट घातला, फोटोला हार घातला, मेणबत्त्या लावल्या, वंदना म्हटली. आवाज मध्येच बसला. बल्लारपुरात मिरवणुकीच्या पुढे निळा झेंडा घेऊन चालणारा माणूस. पण संध्याकाळी चला म्हटलं तर, "तुम्ही जा. मले थकल्यासारखं वाटते."

तीन दिवसांपूर्वी चंद्रपूरकडे मतदान झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं मत राहिलं, त्याचंही लागलं असेल मनाला.

जेवताना अपेक्षा म्हणाली, "बाबा, सकाळपासून तुम्ही एकच पेला पाणी प्यायलात." बाबा ओशाळले. पाणी प्यायलं की सारखं उठावं लागतं, वेळेवर पोचत नाही, असं काहीतरी पुटपुटले. त्यांची रक्तदाबाची गोळीही लघवी वाढवणारी आहे. अपेक्षाने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, डॉक्टरांना विचार, गोळी बदलून मिळेल. मी म्हटलं, या आठवड्यात जाऊ. तिने तारीख विचारली. म्हटलं, दुसरं प्रकरण पूर्ण झालं की लगेच.

२० एप्रिल, शनिवार

काळजीचं लिहायचं आहे.

बाबांचं डोकं साथ देईनासं झालंय. अपेक्षाला दोनदा 'नंदा' म्हणाले. परवा दुपारी वीज गेली होती, मी घरी आलो तर दुधाची पिशवी पाण्याच्या बादलीत. फ्रीज समोर असताना! विचारलं तर चिडले. बाबा माझ्यावर चिडल्याचं मला लहानपणापासून आठवत नाही. काल तर दुपारी न्हाणीघराच्या फरशीवर आडवे पडलेले सापडले. घाबरलो, पण पडले नव्हते, स्वतःच जाऊन झोपले होते. "बरं वाटते इथं," म्हणाले.

नेटवर वाचलं. विसरभोळेपणा, चिडचिड, वस्तू भलत्या जागी ठेवणं. सगळं जुळतंय. एवढा धट्टाकट्टा माणूस, आणि मेंदू आधी जावा? मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली, मे महिन्यातली मिळाली. गोळीचंही त्यांनाच विचारीन, दोन खेपा नकोत.

चांगली बातमी एवढीच की दुसरं प्रकरण मॅडमना आवडलं. उष्णतेचे वृद्धांवर होणारे परिणाम त्यात फार नेमके मांडलेत, म्हणाल्या. वर्गात वाचून दाखवायला सांगितलं.

२३ एप्रिल, मंगळवार

मतदान करून आलो. निघताना बाबांनी कान झाकायला पंचा दिला आणि माझ्या खिशात कांदा कोंबला. आमच्याकडे ऊन लागू नये म्हणून ठेवतात. लिफ्टमध्ये खिशातून काढून पिशवीत टाकला. शाळेच्या दारात ओळखीचे भेटतात, खिसा फुगलेला कसा दिसेल.

बाबा दारात उभे राहून विचारत होते, "पाणी घेतलं का?"

२९ एप्रिल, सोमवार. दवाखान्यात

लिहितोय, कारण दुसरं काय करावं कळत नाही.

शनिवारी मी वस्तीत होतो. अपेक्षा ऑफिसात, त्यांचं मोठं काम सोमवारी सुरू व्हायचं होतं म्हणून सुट्टी रद्द. सोसायटीत सकाळपासून वीज नव्हती. दुपारी हिंमतरावांचा फोन आला. मला वाटलं, परत जिना.

"तुमचे वडील रोज येत्यात ना दुपारचं जिन्यात, तर आज न्हाई दिसले," ते म्हणाले. "लाईट बी न्हाई. म्हणलं वर जाऊन बगावं. दार नुसतं लोटल्यालं. हॉलमधी पडल्यात. अंग तव्यावानी हाय. तुमी सरळ दवाखान्यात या, आमी निगतोय."

लिफ्ट बंद. हिंमतराव आणि वॉचमन यांनी बाबांना खुर्चीत बसवून पाच मजले खाली आणलं. हिंमतराव स्वतः साठीचे आहेत. वाटेत त्यांनी आपल्या घरून बादली आणवून बाबांच्या डोक्यावर ओतली, स्वतःच्या गाडीत घातलं. मी पोचलो तेव्हा त्यांचा सदरा भिजलेला होता आणि ते दारातल्या माणसावर ओरडत होते की स्ट्रेचर आणायला मुहूर्त बघता का.

डॉक्टर तरुण बाई आहेत. त्यांनी विचारलं, कुठल्या मजल्यावर राहता? शेवटच्या. एसी? नाही. पाणी किती पितात? गोळ्या कुठल्या? किती दिवसांपासून गोंधळल्यासारखं करत होते? मी म्हटलं, दोन आठवडे, पण आम्हाला वाटलं विसरण्याचा आजार आहे. त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "आम्ही मूळचे चंद्रपूरकडचे. त्यांना सवय आहे उन्हाची."

"तिकडे घरात कूलर नव्हता का?"

"होता," मी म्हटलं.

त्या आत गेल्या. उष्माघात. शरीरातलं पाणी आधीच कमी, वर गोळीने आणखी जात होतं. मूत्रपिंडांवर परिणाम झालाय. चिडचिड, गोंधळ, भूक मरणं, गार फरशी शोधणं. दुसऱ्या प्रकरणात पानभर आहे हे. शब्द माझेच. वर्गात मोठ्याने वाचले होते.

अपेक्षा खराडीहून गर्दीतून पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. काचेतून तिने बाबांना पाहिलं. मग माझ्या शेजारी न बसता समोरच्या खुर्चीवर बसली. म्हणाली, "मी मार्चमध्ये विचारलं होतं."

तेवढंच. त्यानंतर दोन दिवस आम्ही फक्त औषधांबद्दल बोलतोय.

३ मे, शुक्रवार

बाबा शुद्धीवर आले. दोनदा डायलिसिस झालं. डॉक्टर म्हणतात मूत्रपिंडं हळूहळू कामाला लागतील, पूर्वीसारखी नाहीत, पण लागतील. मी जिन्यात जाऊन रडलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

त्यांनी आधी अपेक्षाला हाक मारली. अपेक्षालाच. नाव बरोबर घेतलं. मग मला म्हणाले, "पेपर कवा हायेत तुझे?"

बाहेर आल्यावर अपेक्षाने सांगितलं, जिन्यात बसायचं तिनेच त्यांना सुचवलं होतं. मार्चपासून रोज जेवणाच्या सुट्टीत ती त्यांना फोन करायची. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपाशी वारा असतो, तिथे बसा म्हणायची. मी बोललो त्यानंतर ते काही दिवस बसले नाहीत. मग मी बाहेर पडलो की गुपचूप जायला लागले.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून?" ती म्हणाली. "परत भाषण ऐकायचं?"

जास्तीची दोन यंत्रं आमच्याच घरात होती, माझ्या टेबलाच्या खणात. बंद. वस्तीतल्या घरांपुरतीच परवानगी घेतली होती.

११ मे, शनिवार

बाबांना घरी येऊन चार दिवस झाले. त्यांच्या खोलीत एसी बसलाय. अपेक्षाने मागवला, मी भिंतीला भोक पाडणाऱ्या माणसाला शिडी धरली. 

बाबा त्या खोलीत पांघरूण घेऊन पडून असतात. "बर्फात ठेवलेल्या मासोळीवानी वाटते," म्हणाले. दार उघडलं की गरम, आत थंड, म्हणून दिवसभर बाहेरच येत नाहीत. मी घरीच असतो, माझ्या टेबलाशी. पाण्याचा पेला भरून देतो, ते शिस्तीत पितात आणि रिकामा दाखवतात. मास्तरला वही दाखवावी तसं.

हिंमतराव रोज येतात. पहिल्या दिवशी दाराशीच उभे राहिले, मग आत बसले. मी त्यांना म्हटलं, तुम्ही नसता तर... त्यांनी पुढे बोलू दिलं नाही. "रोजचं माणूस दिसलं न्हाई की चुकल्यावानी होतंय हो. आमी काय, बसायलाच नको म्हणत हुतो." आणि बाबांना म्हणाले, "जिन्यात खुर्ची ठिवलीय तुमच्यासाठी. पण सदरा घालून या."

मॅडमकडे गेलो होतो. प्रबंध जुलैपर्यंत पुढे ढकलून देते म्हणाल्या. शीर्षकातला 'पत्रा' काढायचा, शेवटच्या मजल्यावरची पक्की घरंही घ्यायची, असं मी सुचवलं. त्या लगेच तयार झाल्या. मग चाचरत म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचं उदाहरण नाव न घालता... तुम्हाला चालणार असेल तरच." मी म्हटलं, विचारून सांगतो. मी अजून विचारलेलं नाही. विचारीन असं वाटत नाही.

१८ मे, शनिवार

बुद्धपौर्णिमा. अपेक्षाने खीर केली. खीर खाता खाता बाबा म्हणाले, "मले आता घरी जाऊ द्या."

म्हटलं, घरीच आहात.

"बल्लारपूरले. नंदाकडं राहतो."

मी वाटी खाली ठेवली. म्हटलं, बाबा, तिथे आज सत्तेचाळीस आहे. अजून तीन आठवडे उतरणार नाही. तुमची मूत्रपिंडं आत्ता कुठे सावरतायत. मी या विषयाचाच अभ्यास करतो, एकदा उष्माघात झालेल्या माणसाला दुसऱ्यांदा व्हायला वेळ लागत नाही. सगळं सांगितलं. या वेळी भाषण नव्हतं, भीतीच होती.

बाबांनी ऐकून घेतलं. "तिथं सकाळी अकराले सारे दारं लावते. कोणी काही करत नाही, कोणी काही म्हणत नाही. दुपारभर सारे खाली निजून राहते. इथं दुपारी मी एकटाच राहतो रे. तू अन् अपेक्षा आपापल्या कामात. मी कोणाशी बोलू, त्या मशीनशी?"

"जाऊ दे त्यांना," अपेक्षा म्हणाली.

"तिथे सत्तेचाळीस आहे!"

"इथे बेचाळीस होतं," ती म्हणाली.

मी उठून गच्चीवर गेलो. पायाखाली स्लॅब चपलेतूनही भाजत होता. त्याच्या खाली बाबांची खोली. खूप वेळ उभा राहिलो नाही, उभं राहवतच नव्हतं.

सोमवारी डॉक्टरांना विचारतो.

२ जून, रविवार. गाडीत

डॉक्टरांनी नाखुशीने हो म्हटलं. तळमजला असेल, कूलर असेल, दुपारी घराबाहेर पडायचं नाही, गोळी बदलली आहे, आठवड्याला रक्त तपासायचं. नंदाताईने सगळ्याला हो म्हटलं. तिने कूलरचा फोटोच पाठवला.

निघताना अपेक्षाने बाबांच्या पायांना हात लावला. बाबा म्हणाले, "तू ये. हा नाही आला तरी तू ये." ती हसली आणि तिचे डोळे भरले. मग तिने माझ्या बॅगेत पाण्याची बाटली ठेवली आणि म्हणाली, "पोचलास की फोन कर. मला." 'मला' वेगळं का म्हणाली? पण बरं वाटलं.

बाबा खालच्या बर्थवर झोपलेत. मी अजून मनातून या प्रवासाच्या विरुद्ध आहे.

४ जून, मंगळवार. बल्लारपूर

शेहेचाळीस. मोबाईलवर पाहिलं.

दुपारी बाबांची एक गोळी संपल्याचं लक्षात आलं, म्हणून मी बाहेर पडलो. नंदाताई ओरडली, चारनंतर जा, पण मला वाटलं औषध आहे, उशीर नको. गल्लीत चिटपाखरू नाही. दारं, खिडक्या, दुकानं, सगळं बंद. औषधाचं दुकानही बंद. परत फिरलो तर डोळ्यांपुढे पिवळं यायला लागलं.

एका घराचं दार किलकिलं झालं. "ओ भाऊ! कुठं फिरून राहिले या उन्हात? या इकडं, आत या पहिले."

म्हटलं, नाही, जवळच जायचंय.

"या म्हटलं ना!"

आत अंधार आणि ओल्या वाळ्याचा वास. खाली सतरंजीवर पाच-सहा माणसं झोपलेली, कुणी हललं नाही. त्या बाईने पाणी दिलं, मग गूळ, मग कैरीचं पन्हं. ते संपेपर्यंत काही विचारलं नाही. मग म्हणाली, "कोणाचे तुम्ही?"

"सुखदेव रामटेके. त्यांचा मुलगा."

"पंपवाल्या मामाचा? पुण्याचा?" तिने कपाळाला हात लावला. "अन् पुण्यात हे शिकवत नाही का, दुपारी निंगू नये म्हणून?"

मी म्हटलं, शिकवतात.

तिने स्वतःचा दुपट्टा ओला करून माझ्या डोक्याला गुंडाळला आणि भिंतीच्या सावलीने जायला सांगितलं.

घरी आलो. नंदाताईने नुसतं पाहिलं. तिचं घर खाणीच्या जुन्या क्वार्टरात, तळाला, कौलारू. मधल्या खोलीत बाबा खाली चटईवर झोपले होते. मी त्यांच्या शेजारी आडवा झालो. कूलरची घरघर चालू होती. मला वाटलं ते झोपलेत, पण त्यांचे डोळे उघडे होते.

म्हटलं, "बाबा, तिथे एवढा त्रास होत होता, तर सांगायचं ना."

त्यांनी वर कौलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "सांगणार होतो. पण तू त्या दिवशी असा बोलला, असा बोलला... मास्तरवानी. मले वाटलं, पोरगा एवढं मन लावून शिकून राहिला, आपण आड कायले याचं?"

 मी त्यांच्या दंडाला हात लावला. कातडी सैल पडली होती, पण गार होती.

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"झोप आता," बाबा म्हणाले. "चारपर्यंत कोणी उठत नाही इथं."

त्यांनी आपल्या उशीचा अर्धा भाग माझ्याकडे सरकवला आणि कूस बदलली. मी त्यांचा श्वास ऐकत पडून राहिलो. किती महिन्यांनी मी दिवसा आडवा झालो होतो, ते आठवायला गेलो आणि आठवता आठवताच डोळा लागला. नंदाताईने चहाला उठवलं तेव्हा उन्हं कलली होती, बाबा भिंतीला टेकून बसले होते, आणि बाहेर गल्लीत कड्या निघून दारं उघडत होती, एकामागून एक.